सोलो गिटार, पण चौघांनी मिळून: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, जॅझमधलं बॅलड (म्हणजे संथ, भावपूर्ण गाणं) एकट्या गिटारवर कसं बसवायचं आणि तेही दोन-चार जणांनी मिळून कसं शिकायचं. मला हा विषय फार जवळचा आहे, आमचा पाच जणांचा ग्रुप आहे आणि आम्ही असंच शिकलो, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून या वेळची सगळी जागा यालाच देतेय.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र पाच-सहा वर्षं गिटार वाजवतोय. मेलडी, कॉर्ड आणि बेस सगळं एकाच गिटारवर वाजवायचं म्हणून एका बॅलडचा टॅब मिळवला आणि चौघांनी तोच पाठ केला. दोन महिने गेले, कसाबसा बसला, आणि पंधरा दिवस हात लावला नाही तर निम्मा विसरलो सुद्धा. आता वाटतंय की सोलो गिटार ग्रुपमध्ये शिकायची कल्पनाच चुकीची आहे का?

कल्पना अजिबात चुकीची नाहीये, चुकलाय तो टॅब. आमच्याही ग्रुपचं पहिलं गाणं अगदी असंच वाया गेलं होतं, पाच जणांनी एकच अरेंजमेंट पाठ केली आणि मग भेटलो की एकमेकांची तुलना सोडून दुसरं काही करण्यासारखं उरलंच नाही, कोणाची बोटं जास्त स्वच्छ पडतात एवढंच. आणि टॅब का विसरतो तेही सांगते, टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचं ते असतं पण तिथे का ठेवायचं ते नसतं, त्यामुळे एक दुवा निसटला की पुढचं काहीच आठवत नाही. ज्याला त्या जागी कुठली कॉर्ड चालू आहे आणि मेलडीचा सूर त्या कॉर्डमधला कितवा आहे हे माहीत असतं तो अडखळला तरी दुसऱ्या वाटेने घरी येतो.

ग्रुपचा खरा फायदा असा की गाणं एक आणि अरेंजमेंट चार. तुम्ही चौघांनी एकच गाणं घ्यायचं, पण प्रत्येकाने ते स्वतः बसवायचं, मग भेटल्यावर तुमच्यासमोर एकाच बारची (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा) चार उत्तरं असतात आणि त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच टॅबमधून कळत नाही. मी तर म्हणेन सोलो गिटार एकट्याने शिकणंच जास्त अवघड आहे, कारण वाजवताना आपलं सगळं लक्ष बोटांकडे असतं आणि बाहेर नेमकं काय ऐकू येतंय ते आपल्याला कळत नाही, ते समोर बसलेल्यालाच कळतं.

आता कसं करायचं. एका गाण्याला सहा आठवडे द्या, त्याहून कमी नको. पहिला आठवडा फक्त मेलडी. कॉर्ड नाहीत, बेस नाही, काही नाही. गाणं गायकाकडून ऐका, गिटारवरची व्हर्जन्स पहिले दोन आठवडे ऐकूच नका (ऐकलीत की कळत-नकळत तेच उचलता). शब्द वाचा, कारण गायक जिथे श्वास घेतो तिथेच तुम्हालाही थांबायचंय, गिटारला श्वास लागत नाही आणि म्हणूनच गिटारवाले न थांबता वाजवत सुटतात. मग ती मेलडी गाऊन दाखवा, चौघांनी, एकमेकांसमोर, आवाज कसा का असेना. ज्या जागी गाताना सूर डळमळतो नेमकी तीच जागा पुढे गिटारवर अडते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आम्ही हा टप्पा कधीच गाळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मेलडी आणि फक्त बेस, म्हणजे एका वेळी दोनच सूर. हे ऐकायला इतकं रिकामं वाटतं की लगेच मध्ये काहीतरी भरावंसं वाटतं, भरू नका. तिसऱ्या आठवड्यात मधले सूर, त्याबद्दल खाली दुसऱ्या एका प्रश्नात सविस्तर लिहिलंय. चौथ्यात प्रत्येकाने फक्त पहिले ८ बार पूर्ण बसवून आणायचे. बहुतेक बॅलड ३२ बारची असतात, ८ बारचा एक भाग, तोच पुन्हा, मग वेगळा ब्रिज आणि शेवटी पुन्हा पहिला भाग, म्हणजे पहिले ८ जमले की गाण्याचा पाऊण भाग हातात आला. पाचव्या आठवड्यात ब्रिज. सहाव्यात सगळ्यांनी सबंध गाणं वाजवायचं आणि रेकॉर्ड करायचं. ६० च्या टेंपोला (मिनिटाला ६० ठोके) ३२ बारचा एक फेरा २ मिनिटं ८ सेकंदांत होतो, चौघांचे मिळून नऊ मिनिटं सुद्धा होत नाहीत, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही, बाकीचा सगळा वेळ बोलायला आहे.

आणि बोलायचं कसं याचा आमच्याकडे एक नियम आहे जो मी सगळ्यांनाच सुचवते. वाजवणाऱ्याला "छान" किंवा "इथे चुकलं" असं म्हणायचं नाही, एकच सांगायचं, मेलडी मला कुठल्या बारमध्ये हरवली. चौघांपैकी तिघांना एकाच जागी हरवली तर तिथे कॉर्ड जड झालीये, त्यातले सूर कमी करा. दहातल्या नऊ वेळा उपाय हाच असतो, सूर कमी करणं.

प्रश्न: ग्रुपमध्ये एकाचं म्हणणं की गाणं मूळ कीमध्येच (म्हणजे पट्टीतच) वाजवायला हवं, दुसरा म्हणतो गिटारला सोपी पडेल ती की घ्या. मूळ की बदलली तर गाण्याचा अपमान होतो का?

अपमान वगैरे काही नाही, गायक रोजच बदलतात. पण सोपी म्हणजे काय ते आधी नीट बघू, कारण इथे गिटारचं स्वतःचं एक गणित आहे.

सोलो गिटारमध्ये मोकळ्या तारा, बोट न दाबता वाजवायच्या त्या, म्हणजे फुकटचं बोट. मोकळी तार वाजत असताना डावा हात दुसरीकडे जायला रिकामा असतो आणि तो सूर मागे गुंजत राहतो, बॅलडमध्ये जो भरलेपणा लागतो तो बराचसा तिथूनच येतो. मोकळ्या तारांचे सूर ई, ए, डी, जी, बी. आता हे पाचही सूर सी, जी आणि डी मेजरमध्ये आहेत. ए मेजरमध्ये एक जी सोडला तर बाकी सगळे. ई फ्लॅटमध्ये फक्त डी आणि जी उरतात. आणि डी फ्लॅटमध्ये? एकही नाही. म्हणून पियानोवर किंवा सॅक्सोफोनवर अगदी नैसर्गिक वाटणारी की गिटारवर कधीकधी हात बांधून ठेवते.

उदाहरण द्यायचं तर 'मिस्टी' घ्या. एरॉल गार्नर हा पियानिस्ट, त्याची १९५४ ची ही चाल, ई फ्लॅटमध्ये. गिटारवर ती त्याच कीमध्ये वाजवता येते, पण एक गोष्ट लक्षात ठेवा की गिटार लिहिलेल्यापेक्षा एक ऑक्टेव्ह (सप्तक) खाली वाजते. कागदावर आहे तशी वाचली तर पहिल्या पूर्ण बारचा डी येतो चौथ्या मोकळ्या तारेवर (तारा सगळ्यात बारीक तारेपासून मोजायच्या), आता त्याच्या खाली कॉर्ड कुठे बसवणार? म्हणून मेलडी एक ऑक्टेव्ह वर उचलायची. मग त्या बारच्या आधीचे सुरुवातीचे दोन सूर पहिल्या तारेवर सहाव्या आणि तिसऱ्या फ्रेटला येतात, डी येतो दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटला, आणि त्याच्या खाली ई फ्लॅट मेजर सेवन आरामात बसते: पाचवी तार सहावा फ्रेट, चौथी तार पाचवा, तिसरी तार तिसरा, आणि वर तो डी. अगदी पहिल्याच बारला सगळं हाताशी. नवीन ग्रुपला हे गाणं मी आनंदाने सुचवते, मूळ कीमध्ये करा आणि मग पहिले ८ बार जी मध्ये करून बघा, दोन्हीतला फरक कानानेच कळेल.

ज्या गाण्याचा ब्रिज दुसऱ्या कीमध्ये जातो तिथे मात्र घाई करू नका. 'बॉडी अँड सोल', १९३० चं जॉनी ग्रीनचं, हे नेहमी डी फ्लॅटमध्ये वाजवलं जातं. कोणीतरी म्हणतं एवढे फ्लॅट कशाला, सी मध्ये घेऊ. घेतलं. मग ब्रिजला पोचल्यावर कळतं की ब्रिज अर्धा सूर वर चढतो, म्हणजे आता तुम्ही नेमके डी फ्लॅटमध्ये येऊन अडकलात! मूळ कीमध्ये उलटं होतं, पहिला भाग पूर्ण बंद तारांवर, घट्ट, आणि ब्रिजला डी मेजर सुरू झाली की सगळ्या मोकळ्या तारा एकदम उपलब्ध होतात, पुढे तो सी मेजरमध्ये उतरतो तिथेही तेच. खिडकी उघडल्यासारखं वाटतं ते. म्हणून या गाण्यापुरती मी मूळ कीवाल्या मित्राच्या बाजूने आहे. फक्त हे पहिलं गाणं नको, तिसरं किंवा चौथं असू दे. आणि मेलडी शिकायला सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं रेकॉर्डिंग लावू नका, ते ऐकलंच पाहिजे असं आहे पण मूळ चाल तो सुरुवातीला जेमतेम छेडतो आणि पुढे त्याची स्वतःचीच वाट धरतो, गायकाचं व्हर्जन शोधा.

प्रश्न: बेस, कॉर्ड आणि मेलडी एका वेळी वाजवताना हातच पुरत नाही. सहा तारांच्या मोठ्या मोठ्या कॉर्ड पाठ केल्यात पण मेलडी वर ठेवायची म्हटलं की सगळं मोडतं. ग्रुपमध्ये याचा सराव कसा करावा?

मोठ्या कॉर्ड विसरा असं सांगितलं तर राग येईल कदाचित, इतकी मेहनत केलीये तर. पण सोलो बॅलडमध्ये खालचे तीन सूर पुरतात, कॉर्डचा मूळ सूर, त्यापासून मोजलेला तिसरा आणि सातवा. पाचवा बहुतेक वेळा नसला तरी चालतो, कॉर्ड मेजर की मायनर हे तिसरा सांगतो आणि तिला पुढे कुठे जायचंय ते सातवा सांगतो.

हे वाचत न बसता गिटार घ्या. डी मायनर सेवन: पाचवी तार पाचवा फ्रेट, चौथी तार तिसरा, तिसरी तार पाचवा. आता जी सेवन: सहावी तार तिसरा फ्रेट, चौथी तार तिसरा तसाच ठेवा, तिसरी तार चौथा. मग सी मेजर सेवन: पाचवी तार तिसरा, चौथी तार दुसरा, तिसरी तार चौथा तशीच. फक्त चौथी आणि तिसरी तार बघा, काय झालं? पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एकच सूर एक फ्रेट खाली आला, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दुसरा एक फ्रेट खाली आला. बस्स. बहुतेक बॅलडमध्ये हे तीन कॉर्डचं वळण वेगवेगळ्या कीमध्ये पुन्हा पुन्हा येतं, आणि प्रत्येक वेळी मधले सूर असेच एकेक पाऊल सरकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या दोन तारा पूर्ण रिकाम्या राहिल्या, मेलडीसाठी.

आता दुसऱ्या तारेवर मेलडी ठेवू. डी मायनरवर पाचवा फ्रेट, जी वर पाचवाच, सी वर तिसरा. ऐकलंत? या ज्या झाल्या त्या मायनर नाईन, थर्टीन आणि मेजर नाईन कॉर्ड आहेत, ज्यांची नावं ऐकूनच लोक घाबरतात. तुम्ही त्या पाठ केल्या नाहीत, मेलडीचा एक सूर वर ठेवला आणि त्या आपोआप तयार झाल्या. बॅलडमधल्या बऱ्याचशा श्रीमंत कॉर्ड अशाच असतात, तो रंग मेलडीच देत असते, आपण खाली फक्त जागा करून द्यायची.

अजून एक, जी सेवनच्या जागी बेसमध्ये सहाव्या तारेऐवजी पाचव्या तारेचा चौथा फ्रेट घ्या, बाकी काही हलवू नका. बेस पाच, चार, तीन असा घसरत खाली येतो. मधले दोन सूर तेच राहिले तरी कॉर्ड आता डी फ्लॅट सेवन झाली. यालाच ट्रायटोन सबस्टिट्यूशन म्हणतात. प्रत्येक ठिकाणी वापरू नका, पण ८ बारच्या शेवटी परत घरी येताना एकदा वापरलंत तर फार सुंदर लागतं. वरची मेलडी त्या बेसशी पटते का तेवढं मात्र कानाने तपासा, नाही पटली तर सोडून द्या.

ग्रुपमध्ये सराव असा: एकाने फक्त बेस वाजवायचा, दुसऱ्याने फक्त ते मधले दोन सूर, तिसऱ्याने मेलडी, आणि चौथ्याने गिटार बाजूला ठेवून डोळे मिटून ऐकायचं. एक फेरा झाला की जागा बदला. चार फेऱ्यांत प्रत्येकजण प्रत्येक जागी बसून येतो. यात असं होतं की बेस वाजवणाऱ्याला पहिल्यांदाच कळतं की बेसच्या ओळीलाही स्वतःची एक चाल आहे, आणि मधले सूर वाजवणारा बघतो की आपल्याला जवळजवळ हलायचंच नाहीये. मग तीच माणसं एकटी वाजवायला बसतात तेव्हा हात तीन गोष्टी करत असला तरी कान त्या तीन वेगवेगळ्या माणसांसारख्या ऐकतो. माझ्या मते अख्ख्या ग्रुप-शिकण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही एक आहे, बाकी काही केलं नाहीत तरी हे करा.

आणि हो, सगळं एकाच वेळी वाजवायचं असतं हा समजही काढून टाका. जो पास या गिटारिस्टचा 'व्हर्चुओसो' हा १९७३ साली रेकॉर्ड झालेला अल्बम सोलो गिटारवाले पवित्र मानतात, तो लक्ष देऊन ऐका. बऱ्याच जागी तो एकाच वेळी फक्त एक ओळ वाजवत असतो, कॉर्ड एकदा टाकतो आणि सोडून देतो, बेस दोन सूर चालतो आणि गायब होतो, आपला कान मात्र सगळं चालू आहे असं धरून चालतो. मेलडीचा लांब सूर आला की खाली हालचाल, मेलडी हलायला लागली की खाली शांतता. एवढं पाळलंत तरी हात पुरायला लागतो.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात मागे आहे. बाकीचे मोठमोठ्या स्ट्रेच कॉर्ड घेतात, माझी बोटं तेवढी ताणली जात नाहीत, मनगट दुखतं. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो असं वाटतं आणि हल्ली भेटायला जायचं टाळतेय.

टाळू नका गं, प्लीज. आणि आधी मनगटाचं, दुखत असेल तर तो स्ट्रेच आजपासून बंद. सवयीने जाईल असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि गिटार थोडी उंच धरून बघा, मनगट कमी वाकतं.

दुसरं, बॅलडमध्ये मागे असणं म्हणजे काय ते मला खरंच कळत नाही. इथे वेग लागत नाही. दोन सुरांची अरेंजमेंट, खाली बेस आणि वर मेलडी, नीट वाजवली तर ती पूर्ण अरेंजमेंट असते, अर्धवट नसते. आमच्याकडे एका मैत्रिणीने एक अख्खं बॅलड कुठेही तीनपेक्षा जास्त सूर न वापरता बसवलं होतं आणि त्या दिवशी बाकीच्या चौघांनी घरी जाऊन आपापल्या कॉर्डमधले सूर काढून टाकले.

ज्या कॉर्डला हात पुरत नाही तिथे तीन वाटा आहेत. बेस आधी वाजवा आणि सोडून द्या, मग वरचे सूर घ्या, दोन्ही एकदम धरून ठेवायची सक्ती कोणी केलेली नाही. किंवा मूळ सूर गाळाच, तिसरा आणि सातवा असले की कान मूळ सूर स्वतः भरून घेतो. किंवा की बदला म्हणजे तो बेस मोकळ्या तारेवर येईल. समजा ए मायनर चालू आहे, पाचवी मोकळी तार वाजत ठेवा आणि तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, पहिला फ्रेट, मग मोकळी, मग चौथ्या तारेचा चौथा फ्रेट, अशी एकच ओळ हळूहळू खाली उतरवा. हीच ती ओळ जी 'माय फनी व्हॅलेंटाईन' सारख्या मायनर बॅलडच्या सुरुवातीला असते (मूळ गाणं १९३७ चं, सी मायनरमध्ये, गिटारवर ए मायनरमध्ये घेतलं की असं बसतं). एका वेळी एक बोट पुरतं. पुढच्या भेटीत हे वाजवून दाखवा आणि ते स्ट्रेचवाले काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

प्रश्न: मेट्रोनोमवर वाजवलं की गाणं यंत्रासारखं होतं आणि मेट्रोनोम बंद केला की प्रत्येकजण वाटेल तिथे थांबतो, आणि विचारलं की म्हणतो हा रुबाटो आहे. खरा रुबाटो कसा शिकायचा?

वाजवणारा अवघड कॉर्ड शोधत थांबला तर तो रुबाटो नाही, आणि ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. रुबाटोमध्ये लय आतून चालूच असते, सूर तिच्यापेक्षा मागे रेंगाळतो किंवा थोडा पुढे निघतो, पण दोघांच्या भेटायच्या जागा ठरलेल्या असतात.

म्हणून आधी लयीत वाजवता आलंच पाहिजे. मेट्रोनोम ३० वर लावा आणि तो ठोका २ आणि ४ वर आहे असं धरा, म्हणजे गाणं ६० ला चाललंय. सुरुवातीला फार चिडचिड होते, कारण दोन ठोक्यांमधली सगळी जागा आपल्यालाच सांभाळायची असते, पण त्यानेच ती लय अंगात मुरते.

मग दोघादोघांनी बसा. एकाने बेसचे सूर अगदी समान लयीत, निर्विकारपणे वाजवायचे. दुसऱ्याने मेलडी हवी तशी ओढायची, उशिरा यायचं, मध्येच घाई करायची, पण दर ८ बारच्या पहिल्या ठोक्याला बेससोबत येऊन भेटायचं. बेसवाल्याने वाट बघायची नाही, कितीही मोह झाला तरी. हे जमलं की अंतर कमी करा, दर ४ बारला भेटा, मग दर २ ला. यानंतर एकट्याने वाजवलंत तर तो बेसवाला मित्र डोक्यात बसलेला असतो. आणि पहिल्यांदा गाणं सुरू करताना फक्त पहिले ८ बार मोकळे वाजवा, दुसऱ्या ८ ला लयीत या. सगळं गाणं मोकळं ठेवलं तर ऐकणाऱ्याला धरायला काही राहत नाही.

प्रश्न: नखं, बोटांचं मांस की पिक?

तिन्ही चालतं. पिक हातात ठेवून मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वापरणारे आहेत, नुसत्या बोटांनी वाजवणारेही आहेत. बॅलडसाठी मला स्वतःला बोटं आवडतात कारण चारही सूर एकाच क्षणी उचलता येतात. पण कशानेही वाजवा, वरचा सूर बाकीच्यांपेक्षा मोठा यायला हवा. एकच कॉर्ड धरा आणि अनामिकेने वरची तार जोरात, बाकी तीन अगदी हळू, असं रोज पाच मिनिटं. मग अंगठा जोरात बाकी हळू. ग्रुपमध्ये एकाने वाजवून कुठला सूर मोठा होता ते बाकीच्यांना ओळखायला लावा, वाजवणाऱ्याला वाटतं तेवढा तो मोठा नसतो.

प्रश्न: आमचा ग्रुप वेगवेगळ्या शहरांत विखुरलाय. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न केला, पार गोंधळ झाला. मग विखुरलेल्या लोकांनी हे करूच नये का?

एकत्र वाजवणं व्हिडिओ कॉलवर होणार नाही, त्यात तुमची काही चूक नाही. आवाज पोचायला साधारण २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की दोन वादकांची लय एकमेकांची वाट बघत सुटायला लागते, आणि नेहमीच्या कॉलमध्ये उशीर त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यामुळे कॉलवर एका वेळी एकानेच वाजवायचं आणि बाकीच्यांनी माईक बंद ठेवून ऐकायचं. सोलो गिटारच शिकताय, त्यामुळे खरं तर तुमचं काम यात बरंच भागतं. कॉलच्या सेटिंगमध्ये आवाज साफ करणारं जे फीचर असतं ते बंद करा, ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं आणि गिटारचा लांब रेंगाळणारा सूर त्याला गोंगाट वाटतो, मध्येच कापून टाकतं.

वरचा बेस-मधले सूर-मेलडीवाला सराव मात्र रेकॉर्डिंगवर करा. एकाने मेट्रोनोम कानात लावून ३२ बारचा नुसता बेस रेकॉर्ड करायचा, सुरुवातीला चार ठोके तोंडाने मोजून. तो ग्रुपवर टाकायचा, दुसऱ्याने तो ऐकत मधले सूर रेकॉर्ड करायचे, तिसऱ्याने मेलडी. प्रत्येकजण आपापल्या सवडीने करतो आणि शेवटी तीन ट्रॅक एकत्र लावले की गाणं उभं राहतं. मग चौथ्याने एक मजेशीर गोष्ट करायची, मेलडीचा ट्रॅक बंद करून उरलेल्या दोघांवर स्वतःची मेलडी वाजवायची आणि तीही टाकायची. एकाच गाण्याच्या दोन मेलडी शेजारी शेजारी ऐकल्या की कोण कुठे श्वास घेतोय ते लख्ख दिसतं.

दर आठवड्याला प्रत्येकाने फक्त ८ बार टाकायचे असं ठरवा, अख्खं गाणं मागितलंत की लोक परफेक्ट होईपर्यंत टाकतच नाहीत आणि मग ग्रुप थंड पडतो. चुकलेला टेक असला तरी चालेल, दोनपेक्षा जास्त टेक घ्यायचे नाहीत असा नियम करा. आणि फाईलच्या नावात आपलं नाव, गाण्याची की आणि तारीख एवढं नक्की टाका, नाहीतर महिन्याभरात कुठलं रेकॉर्डिंग कोणाचं ते कोणालाच सापडत नाही.